लहान बॅटरी की मोठी? तळेगावच्या ट्रकचा हिशेब

तळेगाव दाभाड्याहून चाकणला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिलात, तर मालाने भरलेले किती ट्रक पुढून गेले हे मोजता मोजता बोटे अपुरी पडतील. कोणी ओतीव लोखंडाचे भाग नेत असतो, कोणी प्लॅस्टिकचे बंपर, कोणी तारांची भेंडोळी, तर कोणी काचा. तळेगावला कारखानदारी नवी नाही. लोकांनी दिलेल्या एकेका पैशाच्या मदतीतून उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना येथे १९०८ साली सुरू झाला. पुढे पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगाव मिळून वाहन उद्योगाचा मोठा पट्टा तयार झाला. या पट्ट्यातला एक कारखाना बनवतो तो सुटा भाग दुसऱ्या कारखान्यात जोडला जातो. म्हणून इथला माल सदैव रस्त्यावर असतो.

हा माल आजवर डिझेलने वाहिला. आता विजेवर चालणाऱ्या मालगाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. 'छोटा हत्ती' या नावाने सर्वांना ठाऊक असलेली टाटांची एस ही गाडी २००५ साली बाजारात आली. तिचे विजेवर चालणारे रूप २०२२ साली आले. त्या गाडीत २१.३ किलोवॅट-तासांची बॅटरी होती. २०२४ साली महिंद्रांनी झिओ नावाची चारचाकी छोटी मालगाडी आणली, ती तर दोन आकारांच्या बॅटऱ्यांसह : १८.४ आणि २१.३ किलोवॅट-तास. मोठ्या ट्रकच्या बाबतीतही अनेक कारखानदार असाच पर्याय ठेवतात. एकच गाडी, पण बॅटरी साधी हवी की वाढीव, ते ग्राहकाने ठरवायचे.

पहिल्या विचारात उत्तर सोपे वाटते. पैसे असतील तर मोठी घ्यावी आणि नसतील तर लहान. परंतु हे उत्तर बरोबर नाही. बँकेचे कर्ज काढून ट्रक घेणाऱ्या माणसाने चुकीची बॅटरी निवडली, तर एक तर त्याची गाडी भर घाटात वीज संपून उभी राहील, नाही तर न वापरलेल्या बॅटरीचा हप्ता तो वर्षानुवर्षे भरत राहील. हा निर्णय अंदाजाने न घेता हिशेबाने घेता येतो, आणि त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र नववी-दहावीच्या पुस्तकात आहे. चला, वही-पेन्सिल घेऊन बसू या.

एक युनिट म्हणजे किती?

ऊर्जा मोजण्याचे शास्त्रीय एकक ज्यूल. परंतु ते फार लहान असल्याने विजेच्या व्यवहारात किलोवॅट-तास वापरतात. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक किलोवॅट-तास ऊर्जा खर्च होते. घरच्या वीजबिलावर 'युनिट' म्हणून लिहिलेले असते ते हेच. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. या लेखात आपण सर्वत्र 'युनिट' हाच शब्द वापरू.

एक किलोग्रॅम डिझेलमध्ये साधारण १२.५ युनिट ऊर्जा असते. इंजिन तिचा सुमारे ३६ टक्के भाग चाकापर्यंत पोचवते, म्हणजे ४.५ युनिट. बाकीची उष्णता होऊन वाया जाते. आता बॅटरी पाहा. मालगाड्यांत सध्या बहुधा लिथियम-लोह-फॉस्फेट जातीची बॅटरी वापरतात. तिच्या पेटीसह एक युनिट साठवायला सुमारे ७ किलोग्रॅम वजन लागते. म्हणजे एका किलोग्रॅममध्ये एक सप्तमांश युनिट. विजेची मोटर मात्र फार काटकसरी असते. बॅटरी, मोटर आणि दंतचक्रे मिळून ८५ टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचते असे धरू. तरी एक किलोग्रॅम बॅटरीमागे चाकाला ०.१२ युनिटच मिळते. ४.५ ला ०.१२ ने भागा. एक किलोग्रॅम डिझेलचे काम करायला सुमारे ३७ किलोग्रॅम बॅटरी लागते! आपल्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. डिझेलची टाकी थोडी मोठी केली तर कोणाचे काही बिघडत नाही. बॅटरी मोठी केली तर वजन वाढते, आणि ट्रकच्या धंद्यात वजन म्हणजेच पैसा.

तरीही आजची बॅटरी पूर्वीपेक्षा पुष्कळच हलकी आहे. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाची पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. त्या जातीच्या बॅटरीत १०० युनिट साठवायची तर तिचे वजन ३ टनांच्या घरात जाईल. मग ट्रक माल वाहणार कसा? तो बॅटरीच वाहत बसेल. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली जपानमध्ये विक्रीला आली. १९९७ साली जॉन गुडइनफ यांच्या गटाने लोह-फॉस्फेटचा उपयोग दाखवून दिला. लोखंड आणि फॉस्फरस ही स्वस्त, विपुल मूलद्रव्ये असल्याने आणि ही बॅटरी सहसा लवकर पेट घेत नसल्याने ती मालगाड्यांना मानवली. गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कार्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपला ट्रक

हिशेबासाठी एक काल्पनिक ट्रक घेऊ. मालासह त्याचे एकूण वजन ७५०० किलोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे असे समजा. बॅटरी सोडून रिकाम्या ट्रकचे वजन ३००० किलोग्रॅम. बॅटरीचे पर्याय दोन :

साधी बॅटरी : १०० युनिट, वजन ७०० किलोग्रॅम. मालासाठी उरलेले वजन ३८०० किलोग्रॅम.

वाढीव बॅटरी : १५० युनिट, वजन १०५० किलोग्रॅम. मालासाठी उरलेले वजन ३४५० किलोग्रॅम.

बॅटरी रोज शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी करणे किंवा रोज काठोकाठ भरणे तिच्या प्रकृतीला चांगले नसते. म्हणून वरचा व खालचा दहा-दहा टक्के भाग सोडून देऊ. शिवाय वापराने व वयाने बॅटरीची धारणशक्ती कमी होत जाते. आठ वर्षांनी ती ८० टक्के उरेल असे मानू. मग रोज वापरता येणारी ऊर्जा पुढीलप्रमाणे येते :

साधी बॅटरी : नवी असताना ८० युनिट, आठव्या वर्षी ६४ युनिट.

वाढीव बॅटरी : नवी असताना १२० युनिट, आठव्या वर्षी ९६ युनिट.

हे चार आकडे वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे ते वारंवार लागतील.

ऊर्जा कुठे खर्च होते?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या ट्रकला दोन बलांशी झुंजावे लागते.

पहिले बल टायरचे. टायर फिरताना दबतो व पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा जाते. चांगल्या रस्त्यावर हे बल वजनाच्या सुमारे ०.००८ पट असते. भरलेल्या ट्रकसाठी ७५०० × ९.८ × ०.००८ म्हणजे सुमारे ५९० न्यूटन. वेग कितीही असो, हे बल फारसे बदलत नाही. वजन बदलले की मात्र बदलते.

दुसरे बल हवेचे. ते पुढीलप्रमाणे काढतात : अर्धा × हवेची घनता × आकाराचा गुणांक × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. घनता १.१, गुणांक ०.६, क्षेत्रफळ ५ चौरस मीटर घेतले, तर हे बल १.६५ × वेगाचा वर्ग इतके येते. ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर, या वेगाला ते ३२३ न्यूटन भरते. ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, या वेगाला ते ८१५ न्यूटन होते. वजनाशी या बलाचा काहीही संबंध नाही. ट्रक लोखंडाने भरलेला असो की कापसाने, हवेला त्याचे सोयरसुतक नाही.

तिसरा खर्च थांबण्याचा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या भरलेल्या ट्रकची गतिज ऊर्जा अर्धा × ७५०० × १४ × १४, म्हणजे सुमारे ०.२ युनिट. डिझेलच्या ट्रकमध्ये ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा उष्णता होऊन जाते. विजेच्या ट्रकमध्ये ब्रेक लावताना मोटरच जनित्र बनते आणि काही वीज बॅटरीत परत पाठवते. अर्धी परत मिळते असे धरले, तर दर थांब्यामागे ०.१ युनिटचे नुकसान होते.

पहिला मार्ग : तळेगाव ते चाकण

हा मार्ग एका बाजूने सुमारे २० किलोमीटरचा. दिवसाला तीन फेऱ्या, म्हणजे १२० किलोमीटर. जाताना ट्रक भरलेला, येताना रिकामा. वेग ताशी ५० किलोमीटर आणि दर किलोमीटरला एक थांबा धरू.

भरलेला ट्रक : दोन्ही बले मिळून ५९० + ३२३ = ९१३ न्यूटन. एक किलोमीटर जायला ९ लाख १३ हजार ज्यूल, म्हणजे ०.२५ युनिट. थांब्याचे ०.१ मिळवा : ०.३५. त्याला ०.८५ ने भागा, कारण बॅटरीतून थोडी जास्त ऊर्जा घ्यावी लागते : ०.४१. दिवे, पंखे, पंप वगैरेंसाठी ०.०३ मिळवले की गोळाबेरीज सुमारे ०.४५ युनिट प्रति किलोमीटर.

रिकामा ट्रक (वजन ३७०० किलोग्रॅम) : याच रीतीने उत्तर सुमारे ०.३० येते. ते स्वतः करून पाहा.

दिवसाचा खर्च : ६० किलोमीटर भरलेला, २७ युनिट. ६० किलोमीटर रिकामा, १८ युनिट. एकूण ४५ युनिट. पावसाळा, खड्डे, आडवळणे यांसाठी आणखी वीस टक्के धरले तरी ५४.

आता वहीच्या कोपऱ्यातले आकडे पाहा. साधी बॅटरी आठव्या वर्षीसुद्धा ६४ युनिट देते. म्हणजे या मार्गावर वाढीव बॅटरीची काहीही गरज नाही. 'पण चाकणच्या चौकात तासभर अडकलो तर?' असे कोणी विचारील. उभ्या ट्रकची मोटर बंदच असते. दिवे व पंखे मिळून एक किलोवॅट धरले, तर तासाभराच्या कोंडीत एक युनिट जाते. कोंडीची भीती वेळेच्या दृष्टीने रास्त आहे. बॅटरीच्या दृष्टीने ती फारशी खरी नाही.

दुसरा मार्ग : घाट उतरून बंदराकडे

दुसरा ट्रक तळेगावहून द्रुतगती मार्गाने न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातो. अंतर सुमारे १०० किलोमीटर. जाताना भरलेला, येतानाही भरलेला. वेग ताशी ८० किलोमीटर. थांबे नाहीत.

बले : ५९० + ८१५ = १४०५ न्यूटन. एका किलोमीटरला ०.३९ युनिट. ०.८५ ने भागून व दिव्या-पंख्यांचा खर्च मिळवून सुमारे ०.४८. म्हणजे रस्ता सपाट असता तर एका बाजूला ४८ युनिट लागले असते. पण रस्ता सपाट नाही. तळेगाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि बंदर समुद्रालगत. मध्ये बोरघाट आहे.

हिशेबाला उंची ६०० मीटर घेऊ. ७५०० किलोग्रॅम वजन ६०० मीटर वर उचलायला ७५०० × ९.८ × ६०० = ४ कोटी ४१ लाख ज्यूल लागतात, म्हणजे सुमारे १२ युनिट. बॅटरीतून १४ युनिट घ्यावी लागतील. उतरताना तीच १२ युनिट गुरुत्वाकर्षण आपणांस देऊ करते. मोटरला जनित्र बनवून त्यांतली आठेक युनिट आपण वाचवू शकतो.

ही गोष्ट कल्पनेतली वाटत असेल तर घाटाखालच्या खोपोलीकडे पाहा. लोणावळा, वळवण, शिरवटा या घाटमाथ्यावरच्या तलावांतले पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली आणून तेथे १९१५ सालापासून वीज तयार केली जाते. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. एक टन पाणी ५०० मीटर खाली आले की त्यातून जास्तीत जास्त १.३६ युनिट ऊर्जा मिळते. घाट उतरणारा ट्रकही तेच करतो. फरक इतकाच की पाणी पुन्हा वर चढत नाही, आणि ट्रकला संध्याकाळी घरी यायचे असते.

तर आता बेरीज करू. जाताना ४८ − ८ = ४० युनिट. येताना ४८ + १४ = ६२ युनिट. एकूण १०२.

साधी बॅटरी नवी असताना ८० युनिट देते. म्हणजे वाटेत भरल्याशिवाय ती पुरणार नाही. वाढीव बॅटरी नवी असताना १२० देते, म्हणून पुरेल. पण किती दिवस? तिची धारणशक्ती ८५ टक्क्यांवर आली की १२० चे १०२ होतात आणि बेरीज-वजाबाकी शून्यावर येते. म्हणजे आठ वर्षे पुरी होण्याच्या आधीच मोठ्या बॅटरीच्या मालकालाही बंदरावर चार्जर शोधावा लागेल.

आणि चार्जर शोधायचाच असेल तर साधी बॅटरी का नको? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. नवी साधी बॅटरी घेऊन ट्रक बंदरावर पोचला की तिच्यात वापरण्याजोगी ४० युनिट उरतात. परतीला ६२ हवीत. माल उतरवून नवा भरेपर्यंत २२ युनिट भरून घेतली की झाले. ६० किलोवॅटच्या चार्जरवर हे अर्ध्या तासाच्या आत होते. आठव्या वर्षी मात्र ३८ युनिट भरावी लागतील आणि ६४ तून ६२ वापरावी लागतील. दोन युनिटच्या भरवशावर घाट चढणे शहाणपणाचे नाही. तेव्हा शेवटच्या वर्षांत त्या ट्रकने खोपोलीच्या आसपास आणखी एक थांबा घ्यावा, नाही तर चाकणच्या मार्गावर बदली करून घ्यावी.

इथे एक व्यवहारी सूचना. घाट उतरण्याआधी लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरू नये. भरलेल्या घागरीत पाणी मावत नाही, तसे भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही. मग ती ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते, आणि ब्रेकही तापतात.

वेग कमी केला तर?

याच मार्गावर ताशी ८० ऐवजी ६० किलोमीटर वेग ठेवा. सेकंदाला १६.७ मीटर. हवेचे बल ८१५ वरून ४६० न्यूटनवर येते. वरच्या रीतीने गणित केले तर दर किलोमीटरचा खर्च ०.४८ वरून ०.३६ होतो. शंभर किलोमीटरला १२ युनिट वाचली!

जरा थांबून या आकड्याकडे पाहा. सहाशे मीटरचा घाट चढायला जेवढे काम लागते, जवळजवळ तेवढीच ही बचत आहे. दोन्ही बाजू मिळून २४ युनिट वाचतात. २४ युनिट साठवणाऱ्या बॅटरीचे वजन १६८ किलोग्रॅम भरेल. ते वजन न वाहता, एक पैसाही न देता, केवळ पायावर ताबा ठेवून ती 'बॅटरी' मिळाली. किंमत काय? एका बाजूला पंचवीस मिनिटे जास्त. ही पंचवीस मिनिटे परवडतात की नाही, हे माल घेणारा कारखाना ठरवील. पण प्रश्न विचारला तर पाहिजे.

जादा वजनाची खरी किंमत

वाढीव बॅटरी ३५० किलोग्रॅमने जड आहे. अनेकांना वाटते की या वजनामुळे वीज फार जास्त लागत असेल. हिशेब करू. ३५० किलोग्रॅममुळे टायरचे बल ३५० × ९.८ × ०.००८ म्हणजे अवघ्या २७ न्यूटनने वाढते. दर किलोमीटरला ०.०१ युनिटपेक्षा कमी. १२० किलोमीटरला एक युनिटच्या आसपास. हे नगण्य आहे.

खरे नुकसान मालाचे आहे. फाउंड्रीतून ओतीव भाग नेणारा ट्रक डोळ्यांना अर्धा रिकामा दिसला तरी वजनाने पूर्ण भरलेला असतो. त्याच्या प्रत्येक खेपेत ३८०० ऐवजी ३४५० किलोग्रॅमच माल जाईल, म्हणजे नऊ टक्के भाडे बुडाले. दिवसाला तीन खेपा असतील तर १०५० किलोग्रॅम माल रोज मागे राहिला. याउलट प्लॅस्टिकचे बंपर नेणारा ट्रक आधी जागेने भरतो. वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी त्याचा हौदा भरून जातो. त्याला ३५० किलोग्रॅमचे काहीच नुकसान नाही. म्हणून बॅटरी निवडण्यापूर्वीचा पहिला प्रश्न 'किती लांब जायचे?' असा नसून 'माल वजनाने भरतो की जागेने?' असा असावा.

दुसरी किंमत पैशाची. बॅटरीला युनिटमागे १२,००० रुपये पडतात असे उदाहरणासाठी धरू. जादा ५० युनिटचे ६ लाख रुपये झाले. वर्षाला ३०० दिवस, आठ वर्षे, म्हणजे २४०० दिवस. व्याज सोडूनच दिवसाला २५० रुपये. चाकणच्या मार्गावर हे २५० रुपये मालक रोज न लागणाऱ्या वस्तूसाठी मोजील.

मोठ्या बॅटरीची बाजू

एकाच बाजूने बोलणे शास्त्राला धरून नाही. मोठ्या बॅटरीचा एक गुण आकड्यांत पटकन दिसत नाही, तो पाहू.

ट्रक १ : २० चढणीच्या रस्त्याने ताशी ४० किलोमीटर वेगाने घाट चढतो असे समजा. चढणीमुळे ३६७५ न्यूटन, टायरचे ५९० आणि हवेचे सुमारे २००, मिळून जवळपास ४४७० न्यूटन. सेकंदाला ११.१ मीटर या वेगाने गुणले की चाकाशी सुमारे ५० किलोवॅट व बॅटरीपाशी ५८ किलोवॅट शक्ती लागते. बॅटरीचा दाब ४०० व्होल्ट असेल तर धारा १४५ अँपिअर.

प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. साध्या बॅटरीचा तो ०.१ ओहम मानू. धारेचा वर्ग गुणिले रोध, या ज्यूलच्या नियमाने २.१ किलोवॅट उष्णता बॅटरीच्या पोटात निर्माण होते. जणू दोन इस्त्र्या आत चालू आहेत! वाढीव बॅटरीत दाब तोच ठेवून घटांच्या रांगा दीडपट केलेल्या असतात, आणि त्या समांतर जोडलेल्या असतात. समांतर जोडणीत रोध कमी होतो, हे तुम्ही शिकला आहातच. येथे तो दोन तृतीयांश होईल आणि उष्णता १.४ किलोवॅटवर येईल.

उष्णता बॅटरीची वैरीण आहे. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. दर दहा अंशांना तो दुपटीच्या आसपास जातो असा ढोबळ नियम आहे, आणि त्यांत बॅटरीला म्हातारे करणाऱ्या क्रियाही आल्या. मे महिन्याच्या उन्हात रोज घाट चढणाऱ्या ट्रकला मोठी बॅटरी त्यामुळे थोडी जास्त साथ देते.

शिवाय मोठी बॅटरी रोज कमी खोल रिकामी होते. तरी हा मुद्दा ताणू नये. चाकणच्या मार्गावर साधी बॅटरी रोज ४५ टक्केच वापरली जाते. २४०० दिवसांत ती १०८० वेळा पूर्ण भरून रिकामी केल्यासारखे होईल. लोह-फॉस्फेट बॅटऱ्या साधारणपणे दोन हजारांहून अधिक वेळा हे सहन करतात.

जाहिरातीतला पल्ला

'एका भरणीत इतके किलोमीटर' हा आकडा प्रयोगशाळेत ठरावीक वेगाने व ठरावीक रीतीने गाडी चालवून काढलेला असतो. वर उल्लेखिलेल्या विजेच्या एसचा प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. २१.३ ला १५४ ने भागले तर दर किलोमीटरला ०.१४ युनिट येते. हा आकडा खोटा नाही. त्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला होतो. पण त्यात बोरघाट नाही आणि आठ वर्षांचे वयही नाही. आपला मार्ग, आपला माल आणि आपला वेग घालून हिशेब आपणच करायचा असतो. छोट्या गाडीत १८.४ ऐवजी २१.३ युनिटची बॅटरी घेतली, तर वाढीव २.९ युनिटमुळे याच दराने सुमारे २० किलोमीटर मिळतात. वजन वाढते ते २० किलोग्रॅमच. तिथे निवड सोपी होते.

सारांश

दिवसाच्या शेवटी ट्रक आपल्या अंगणात येत असेल, रात्रभर भरण्याची सोय असेल आणि माल जड असेल, तर साधी बॅटरी घ्यावी.

मार्ग लांब असेल, वाटेत खात्रीचा चार्जर नसेल आणि माल हलका पण जागा खाणारा असेल, तर वाढीव बॅटरी घ्यावी.

मार्ग लांब, माल जड, पण दुसऱ्या टोकाला माल उतरवेपर्यंत चार्जर मिळत असेल, तर साधी बॅटरी आणि चार्जर ही जोडी बहुधा किफायतशीर ठरते. त्या चार्जरमुळे एका ट्रकची नव्हे, तिथे येणाऱ्या प्रत्येक ट्रकची बॅटरी लहान होऊ शकते. चीनमध्ये तर अनेक अवजड ट्रकांची रिकामी बॅटरी काढून भरलेली बसवण्याची केंद्रेच उभी आहेत. म्हणजे मोठी बॅटरी गाडीत वाहायची, की वीज रस्त्याच्या कडेला ठेवायची, असा हा प्रश्न आहे. ट्रकच्या मालकाला त्याचे उत्तर एकट्याने देता येत नाही. कारखाने, बंदर आणि वीजमंडळ यांनी मिळून ते द्यायचे असते.

स्वाध्याय

१. दुसऱ्या मार्गावर साध्या बॅटरीचा ट्रक येताना रिकामा (३७०० किलोग्रॅम) येतो. ताशी ८० किलोमीटर वेग धरून परतीला किती युनिट लागतील? (उत्तर : सुमारे ४५. जाण्यायेण्याचे मिळून ८५.) या स्थितीत वाढीव बॅटरी आठही वर्षे पुरेल काय?

२. चाकणच्या मार्गावर तीनऐवजी चार फेऱ्या केल्या आणि वीस टक्के राखीव धरले, तर साधी बॅटरी आठव्या वर्षी पुरेल काय? नसेल, तर जेवणाच्या सुट्टीत किती युनिट भरावी लागतील? (उत्तर : ७२ हवीत, ६४ आहेत. म्हणून ८.)

३. आपल्या गावातून जाणारा एखादा मालाचा मार्ग निवडा. अंतर, चढ-उतार, मालाचा प्रकार आणि परतीचा भार यांची चौकशी करा. ट्रकचालकांना विचारा, ते उत्तम माहिती देतात. मग वरच्या रीतीने बॅटरी निवडा.

शिक्षकांना विनंती की, तिसरा प्रश्न वर्गात गटागटांनी सोडवून घ्यावा. दोन गटांची उत्तरे निराळी आली तर ती पुसू नयेत. दोन्ही गटांनी काय काय गृहीत धरले होते ते फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावे. फरक बहुधा तेथेच सापडेल.